केंब्रिजचा विद्यार्थी, प्रवरेचा अध्यक्ष

रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा अकोले, संगमनेर करीत पूर्वेकडे उतरते, नेवाशाला वळसा घालते आणि टोक्याजवळ गोदावरीला मिळते. याच नदीच्या काठी नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्याच्या अवघी सहा वर्षे आधी, १२८४ मध्ये, इंग्लंडच्या पूर्व भागातील कॅम नावाच्या एका लहानशा नदीकाठी पीटरहाउस हे केंब्रिज विद्यापीठाचे पहिले महाविद्यालय स्थापन झाले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. दोन्ही नद्यांनाही एकमेकींची खबर असण्याचे कारण नव्हते. मात्र त्यानंतर साडेसहाशे वर्षांनी एक मराठी माणूस या दोन काठांना जोडणारा ठरला. तारुण्याची पाच वर्षे त्याने कॅमच्या काठी काढली होती आणि प्रौढ वयातील सुमारे दहा वर्षे तो प्रवरेच्या काठावरील एका साखर कारखान्याचा अध्यक्ष होता.

प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ हे त्यांचे नाव. महाराष्ट्रात गाडगीळ म्हटले की अनेकांना प्रथम काकासाहेब गाडगीळ आठवतात आणि दोघांची गल्लत होते. काकासाहेब राजकारणात होते, नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते. धनंजयराव अर्थशास्त्रज्ञ. निवडणुकीच्या राजकारणापासून ते आयुष्यभर दूर राहिले. तरीही महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणाला पुढे जे वळण लागले, त्याच्या मुळाशी त्यांनी हाती घेतलेले एक काम होते, हा इतिहासाचा मोठा मासलेवाईक विनोद म्हणावा लागेल.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. शिक्षण मात्र नागपूरला. तेथील पटवर्धन हायस्कुलातून १९१६ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि १९१८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. महायुद्ध संपण्याचे ते वर्ष. चार वर्षे ओस पडलेली महाविद्यालये आघाडीवरून परतणाऱ्या तरुणांनी पुन्हा भरू लागली होती.

केंब्रिज हे नाव तोवर मराठी घरांना अपरिचित राहिलेले नव्हते. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम आले आणि सीनियर रँग्लर हा शब्द पुण्या-मुंबईत रूढ झाला. रँग्लर परांजप्यांनी मराठी तरुणांच्या मनात केंब्रिजचे जे चित्र उभे केले ते बुद्धीच्या दिग्विजयाचे होते. साहेबाला त्याच्याच घरात हरवता येते, असे ते चित्र सांगत असे. धनंजयरावांनी केंब्रिजकडून जे घेतले ते याहून वेगळे होते. त्यासाठी त्या विद्यापीठाकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे.

केंब्रिजचा जन्म भांडणातून झाला. १२०९ साली ऑक्सफर्डमध्ये एका स्त्रीच्या हत्येवरून शहरवासी आणि विद्यार्थी यांच्यात तंटा पेटला, काही विद्यार्थ्यांना फासावर चढविण्यात आले आणि भयभीत झालेले अध्यापक व विद्यार्थी गाव सोडून पांगले. त्यांच्यातील काही केंब्रिजला आले व तेथेच स्थिरावले. देवगिरीवर तेव्हा यादवांचे राज्य होते आणि अहमदनगर शहर वसायला अजून पावणेतीनशेहून अधिक वर्षे अवकाश होता. आरंभी या विद्यापीठाला ना इमारत होती, ना जमीन. गुरू आणि शिष्य यांनी मिळून केलेला एक संघ, एवढेच त्याचे स्वरूप. युनिव्हर्सिटी या शब्दाचा मूळ अर्थही तोच. तो व्यवसायबंधूंच्या संघाला लावीत, सुतारांच्या वा विणकरांच्या श्रेणीला लावावा तसा. महाविद्यालये नंतर आली. प्रत्येकाचे दाते वेगळे, जमिनी वेगळ्या, नियम वेगळे. महाविद्यालयाचा कारभार तेथील फेलो मंडळींनी एकत्र बसून करायचा आणि प्रमुखही आपल्यातून निवडायचा, ही रीत शतकानुशतके मुरत गेली.

क्वीन्स कॉलेजचीच गोष्ट पाहा. १४४८ मध्ये सहाव्या हेन्रीची राणी मार्गारेट हिने त्याला आश्रय दिला. पुढे यादवी युद्धात हेन्रीचे राज्य गेले, चौथा एडवर्ड गादीवर आला आणि १४६५ मध्ये त्याची राणी एलिझाबेथ वुडव्हिल हिने तेच कॉलेज आपल्या छत्राखाली घेतले. एकमेकींच्या घराण्यांचा उच्छेद करायला निघालेल्या दोन पक्षांच्या दोन राण्या एकाच विद्यालयाच्या संस्थापक ठरल्या. कॉलेजच्या नावातील अनेकवचन त्यावरून आले आणि इंग्रजीत त्या नावातील षष्ठीचे चिन्ह कोठे द्यायचे, यावरून तेथील मंडळी आजही नवागताचे कान पकडतात. लाल विटांचा जुना चौक त्या पहिल्या वर्षांतला. सोळाव्या शतकाच्या आरंभी डच पंडित इरॅस्मस काही काळ येथे राहिला होता. कॉलेजच्या दोन भागांमधून कॅम वाहते आणि तिच्यावर १७४९ मध्ये बांधलेला एक लाकडी पूल आहे. सरळ तुळया अशा कोनांत जोडल्या आहेत की पूल कमानीसारखा दिसतो. तो न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला, अशी कथा पर्यटकांना हमखास सांगितली जाते. न्यूटन १७२७ मध्येच वारला होता. शिवाय पुलाचे लाकूड एकोणिसाव्या शतकात एकदा आणि विसाव्याच्या आरंभी पुन्हा एकदा बदलावे लागले. तरुण गाडगीळ ज्या पुलावरून ये-जा करीत असतील तो बांधणीने जुना आणि लाकडाने नवा होता. जुन्या विद्यापीठांचेही बहुधा असेच असते.

हे सारे वाचून केंब्रिज म्हणजे उदारमतवादाचे माहेरघर, असा समज करून घेण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकातही बराच काळ चर्च ऑफ इंग्लंडशी निष्ठा नसलेल्यांना तेथे पदवी मिळत नसे आणि शिष्यवृत्तीची वा अध्यापनाची पदे १८७१ च्या कायद्याने खुली होईपर्यंत त्यांना बंद होती. धनंजयराव तेथे शिकत असतानाच, १९२१ मध्ये, स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी व सदस्यत्व द्यावे का, यावर मतदान झाले. प्रस्ताव पडला आणि विजयाच्या उन्मादात विद्यार्थ्यांच्या एका जमावाने न्यूनम या स्त्रियांच्या महाविद्यालयाचे दार मोडले. स्त्रियांना पूर्ण पदवी मिळायला १९४८ साल उजाडावे लागले. आपल्याकडे त्याआधी कित्येक दशके मुली पदवीधर होत होत्या. वसाहतीतून आलेल्या विद्यार्थ्याला राज्यकर्त्यांचे हे रूपही दिसत होतेच.

अर्थशास्त्र मात्र तेथे नवे होते, उत्साहात होते. आल्फ्रेड मार्शल यांच्या खटपटीने १९०३ मध्ये या विषयाला स्वतंत्र परीक्षेचा दर्जा मिळाला होता. मार्शल निवृत्त झाले तरी गावातच राहत होते. त्यांच्या आसनावर पिगू होते. व्हर्सायच्या तहावर कठोर टीका करणारे केन्सचे पुस्तक १९१९ मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर गाजत होते. क्लॅफम आर्थिक इतिहास शिकवीत होते. सी. आर. फे यांनी तर १९०८ मध्येच देशोदेशींच्या सहकारी चळवळींवर ग्रंथ लिहिला होता. सिद्धान्ताची बाजू जेवढी बळकट, तेवढीच प्रत्यक्ष आकडे आणि घटना तपासण्याची ओढही जागी होती. धनंजयरावांची वृत्ती या दुसऱ्या बाजूला झुकणारी होती.

पदवीनंतर त्यांनी एम. लिट. साठी संशोधन हाती घेतले. संशोधनाच्या पदव्या केंब्रिजने महायुद्धानंतर नुकत्याच सुरू केल्या होत्या. विषय निवडला तो भारताच्या अलीकडच्या औद्योगिक स्थित्यंतराचा. १९२४ मध्ये तो प्रबंध ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपाने काढला. म्हणजे केंब्रिजमध्ये लिहिले आणि ऑक्सफर्डने छापले. लेखकाचे वय होते तेवीस.

‘द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स’ हा ग्रंथ पुढे अर्धशतकभर देशातील विद्यापीठांत वाचला गेला. त्याच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्या निघत राहिल्या. ब्रिटिश राज्य आल्याने भारत लुटला गेला, ही एक ठाम मांडणी तेव्हा प्रचलित होती. ब्रिटिश राज्यामुळे भारत सुधारला, ही दुसरी. विद्यार्थी गाडगिळांनी दोन्हींना हाताच्या अंतरावर ठेवून साधे प्रश्न विचारले. शहरातील कारागीर का बुडाला? दरबार संपले म्हणून, राहणीमानाच्या आवडी पालटल्या म्हणून, की गिरणीचा माल आला म्हणून? यांतले कोणते कारण कोणत्या धंद्याला किती लागू पडते? खेड्यातील कारागिराचे काय झाले? दुष्काळाने शेतकऱ्याच्या पिकांत काय पालट केला? प्रत्येक प्रश्नाला वेगळे उत्तर असू शकते आणि ते पुराव्यातून यावे लागते, ही शिस्त त्या पुस्तकाच्या पानापानांत दिसते. माझ्या मते केंब्रिजची खरी देणगी हीच होती. इमारती, गाऊन आणि उच्चार घेऊन परतणारे पुष्कळ होते.

परतल्यावर काही काळ त्यांनी मुंबई सरकारच्या वित्त खात्यात काढला. तेथे ते रमले नाहीत. १९२५ मध्ये सुरतच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले आणि १९३० पर्यंत ते तेथे होते. त्याच साली त्यांच्या आयुष्यातील मोठे पर्व सुरू झाले. त्यांचे सासरे, साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून पुण्यात भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. नामदार गोखल्यांच्या नावाची ही संस्था आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव. तीन दशकांहून अधिक काळ ते तेथे होते. वि. म. दांडेकर, नी. वि. सोवनी यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ याच संस्थेत वाढले. काळे यांच्या नावे होणारे वार्षिक व्याख्यान १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले आणि त्यात संघराज्याच्या योजनेची त्यांनी केलेली चिकित्सा आजही अभ्यासली जाते. बाबासाहेबांना लंडनची डी. एससी. १९२३ मधली. म्हणजे दोघे एकाच काळात इंग्लंडमधील दोन वेगळ्या विद्यापीठांत भारताच्या अर्थव्यवस्थेवरच संशोधन करीत होते.

संस्थेचा आरंभ मोठ्या सिद्धान्तांनी झाला नाही. पुण्यात फळे कोठून येतात आणि गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशातील किती वाटा बागायतदाराच्या हाती पडतो, याची पाहणी हे पहिल्या कामांपैकी एक. पुढे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली, सोलापूरची झाली. तपासनीस वह्या घेऊन घरोघर जात. अशा पाहण्या आज सर्रास होतात. त्या काळी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने मंडईत जाऊन संत्र्यांचे भाव टिपावेत, हे अनेकांना कमीपणाचे वाटत असे.

याच पाहण्यांच्या वाटेने ते नगर जिल्ह्यात पोहोचले.

नगर जिल्ह्याची आर्थिक कहाणी अवर्षणाने आणि कर्जाने लिहिलेली आहे. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले. इतिहासात ते दख्खनचे दंगे म्हणून नोंदले गेले. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ, मग शतकाच्या अखेरीचे दोन. यावर उपाय म्हणून सरकारने धरणे आणि कालवे हाती घेतले. दारणेच्या पाण्यावर गोदावरीचे कालवे निघाले, प्रवरेवर भंडारदऱ्याला धरण बांधले गेले व १९२६ मध्ये ते पूर्ण झाले. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरच्या कोरड्या माळांवर पाणी खेळू लागले आणि ऊस आला.

सरकारी हिशेबात मात्र हे कालवे तोट्याचे होते. पाणीपट्टीतून भांडवलावरचे व्याजही सुटत नव्हते. कालव्याचे मोल पाणीपट्टीवरून ठरवावे काय, हा प्रश्न घेऊन गोखले संस्थेने १९३० च्या दशकाच्या अखेरीस गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रदेशाची पाहणी केली. कालव्याखालील गावे आणि तशीच, पण पाणी नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. पीक किती वाढले, मजुरीचे दिवस किती वाढले, बाहेरून किती माणसे पोटासाठी आली, व्यापार किती वाढला, हे मोजले गेले. १९४८ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला. सिंचनाचे प्रत्यक्ष लाभ वेगळे, अप्रत्यक्ष लाभ वेगळे, आणि समाजाचा हिशेब सरकारी खात्याच्या हिशेबाहून मोठा असतो, ही त्याची मांडणी होती. सिंचन प्रकल्पांच्या मूल्यमापनाचा देशातील हा अगदी आरंभीचा शास्त्रीय प्रयत्न मानला जातो.

मोजणारा माणूस एरवी मोजून बाजूला होतो. धनंजयराव झाले नाहीत.

कालव्याच्या पाण्यावर ऊस आला तरी त्याचा लाभ कोणाला, हा प्रश्न उरलाच होता. शेतकरी गूळ करी आणि गुळाचा भाव व्यापारी ठरवीत. १९३२ मध्ये साखर धंद्याला संरक्षण मिळाल्यानंतर खासगी कारखान्यांना बरकत आली. बेलापूर कंपनी त्याआधीच हरेगावला होती. टिळकनगर, साखरवाडी येथे कारखाने झाले. त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या आणि हजारो एकरांवर स्वतःचा ऊस केला. जमिनीचा मालक स्वतःच्याच शेतात मजूर म्हणून उभा राहिला, अशी उदाहरणे गावोगाव होती.

१९४५ मध्ये दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी धनंजयराव होते. शेतकऱ्यांनी आपल्या मालकीचा सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला आणि लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांनी तो उचलून धरला. विठ्ठलरावांचे शालेय शिक्षण जेमतेम प्राथमिक. पण १९२३ च्या सुमारास, धनंजयराव केंब्रिजमध्ये प्रबंध संपवीत होते त्याच काळात, त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी काढून गाव सावकाराच्या हातून सोडवायला आरंभ केला होता. एकाने कर्जबाजारीपणाचा इतिहास अभ्यासला होता, दुसरा त्यातच जन्मला होता.

ही जोडी जमली याचे आश्चर्य वाटते, आणि वाटू नयेही. विठ्ठलराव गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा करीत होते. शेतकऱ्याने कारखाना काढायचा म्हणजे काय, हेच लोकांना उमगत नव्हते. पैसे बुडतील ही भीती खरी होती, कारण आजवर ज्याने ज्याने कागदावर अंगठा मागितला त्याने शेतकऱ्याला बुडविलेच होते. मुंबईत आणि दिल्लीत वेगळी भीती होती. अडाणी शेतकऱ्यांच्या संस्थेला लाखोंचे कर्ज कोण देणार? तेथे केंब्रिजची पदवी, पुण्याची संस्था आणि आकड्यांवरील हुकमत उपयोगी पडली. वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई राज्याचे अर्थ व सहकार मंत्री होते. राज्य सरकारने भागभांडवल घेतले, नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाकडून कर्ज मिळाले. प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद धनंजयरावांनी स्वीकारले, विठ्ठलराव उपाध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस लोणीजवळच्या माळावर पहिल्या हंगामाची मोळी पडली. ती वसाहत पुढे प्रवरानगर झाली.

हा आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. काटेकोर बोलायचे तर आंध्रात एटिकोप्पाका येथे त्याआधीच सहकारी तत्त्वावर साखर निघाली होती. धनंजयराव असते तर त्यांनी ही दुरुस्ती आधी केली असती. लोणीच्या कारखान्याचे मोठेपण पहिलेपणात नाही. तो टिकला, त्याने कर्ज फेडले आणि त्याच्याकडे पाहून इतरांना धीर आला, हे अधिक महत्त्वाचे आहे. सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. नफा भागांवर वाटायचा नाही, घातलेल्या उसाला चांगल्या भावाच्या रूपाने द्यायचा. सभासदांनी संचालक निवडायचे आणि संचालकांनी सभासदांना हिशेब द्यायचा.

केंब्रिजच्या महाविद्यालयांचा स्वयंशासनाचा परिपाठ या वेळी धनंजयरावांच्या मनात होता काय? तसा दावा करणे धाडसाचे होईल. सहकाराची तत्त्वे रॉचडेलच्या विणकरांपासून चालत आली होती आणि ती त्यांना मुखोद्गत होती. तरीही पाच वर्षे अशा वातावरणात काढलेल्या माणसाला, जेथे संस्थेचा मालक कोणी एक नसतो आणि मालमत्ता पिढ्यान् पिढ्या सामाईक राहते, लोणीची कल्पना परकी वाटली नसणार एवढे खास.

पहिली सुमारे दहा वर्षे ते अध्यक्ष होते. पुण्याहून लोणीला यायचे, बैठका घ्यायच्या, ताळेबंद तपासायचे. त्याच सुमारास ते रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या कामातही होते. गोरवाला समिती म्हणून ती ओळखली जाते. १९५४ मध्ये तिचा अहवाल आला. शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळणारा वाटा जेमतेम तीन टक्के आहे आणि सुमारे सत्तर टक्के कर्ज सावकार मंडळींचे आहे, हे त्या अहवालाने दाखवून दिले. अर्धशतकाच्या सहकाराचा हा जमाखर्च होता. सहकार हरला आहे, पण सहकार यशस्वी झालाच पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता आणि त्यासाठी सरकारने संस्थांत भागीदार व्हावे, असे समितीने सुचविले. लोणीला जे घडले होते तेच आता देशाचे धोरण होऊ घातले. इंपीरियल बँकेचे १९५५ मध्ये स्टेट बँकेत रूपांतर झाले तेही याच शिफारशींतून.

१९६१ मध्ये पंतप्रधान पंडित नेहरू प्रवरानगरला आले. नेहरूही केंब्रिजचेच, ट्रिनिटी कॉलेजचे. नगर जिल्ह्याशी त्यांचे नातेही जुने होते. १९४२ ते १९४५ या काळात ते अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी तेथेच लिहिले. त्या मुक्कामात त्यांना जिल्हा दिसला नव्हता. दिसला होता तो किल्ल्याचा तट. आता त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या मालकीची धुराडी ते पाहत होते. विठ्ठलरावांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली.

लोणीमागोमाग राहुरी, कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, श्रीगोंदा येथे कारखाने उभे राहिले आणि नगर हा साखर कारखान्यांचा जिल्हा झाला. कारखान्यांच्या पैशातून शाळा आल्या, महाविद्यालये आली, दवाखाने आले. ज्या गावाला मॅट्रिकसाठी तालुक्याला जावे लागे तेथे तंत्रनिकेतने झाली. पण कारखान्याबरोबर सत्ताही आली. अध्यक्षपद ही आमदारकीची पायरी झाली, मग आमदारकी ही अध्यक्षपदाची. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी याच जिल्ह्यातील कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करून हे राजकारण १९८० मध्ये ग्रंथरूपाने मांडले. घराणी तयार झाली. काही कारखाने कर्जात रुतले, राज्यातले कित्येक खासगी हातांत गेले. एक सभासद एक मत हे तत्त्व कागदावर राहिले आणि सर्वसाधारण सभा हातवारे करून पार पडू लागल्या. दुसरा दोष पाण्याचा. उत्तरेकडील तालुक्यांत ऊस पाणी पीत असताना पाथर्डी, जामखेड, कर्जतच्या माणसाला कोयता घेऊन त्याच उसाच्या तोडीला जावे लागत होते. कालव्याचे अप्रत्यक्ष लाभ मोजणाऱ्या पद्धतीने अप्रत्यक्ष हानीही मोजायला हवी होती. ते काम पुढच्या पिढीवर सोडले गेले. त्या पिढीत धनंजयरावांचे पुत्र, पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ होते. विकासाचा हिशेब मांडताना झाडे, नद्या आणि स्थानिक माणसे वगळू नयेत, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला.

धनंजयरावांकडे कारखान्याबाहेरचीही अनेक कामे होती. संयुक्त महाराष्ट्राची बाजू आकडेवारीनिशी मांडणाऱ्यांत ते होते. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून गेले. १९६७ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष केले. दोन दुष्काळ, रुपयाचे अवमूल्यन आणि रखडलेली चौथी योजना, अशा अवघड वेळी ते दिल्लीला गेले.

केंद्राने राज्यांना साहाय्य कोणत्या निकषावर द्यावे, हा तेव्हाचा ज्वलंत वाद होता. ज्याचे दिल्लीत वजन त्याला अधिक, अशी तक्रार होती. धनंजयरावांनी सूत्र बांधून दिले. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांची गरज आधी भागवायची आणि उरलेली रक्कम साठ टक्के लोकसंख्येनुसार वाटायची. दहा टक्के दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांना, दहा टक्के करवसुलीच्या प्रयत्नांना, दहा टक्के चालू असलेल्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांना आणि दहा टक्के विशेष अडचणींसाठी. गाडगीळ सूत्र म्हणून ते पुढे ओळखले गेले. नंतर त्यात फेरफार होत राहिले आणि नियोजन मंडळच आता राहिलेले नाही. पण मर्जीच्या जागी मोजमाप आणण्याची ती धडपड होती. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने जिल्हा हा घटक धरून प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी बँकांनी वाटून घ्यावी, असे सुचविले. अग्रणी बँक योजना त्यातून आली. खेड्यातून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्यातून देशाकडे पाहण्याची ती जुनी सवय दिल्लीतही सुटली नव्हती.

१९७१ च्या निवडणुकीनंतर वारे बदलले. नियोजन मंडळाची फेररचना होऊ लागली आणि धनंजयरावांनी पद सोडले. ते आगगाडीने पुण्याकडे निघाले. ३ मे १९७१ रोजी त्या प्रवासातच त्यांचे निधन झाले. केंब्रिजच्या खोलीत सुरू झालेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती त्याच वर्षीची आहे. विठ्ठलराव १९८० मध्ये गेले. लोणीचा कारखाना आज विठ्ठलरावांच्या नावाने ओळखला जातो. पुण्यात गोखले संस्थेच्या ग्रंथालयाला धनंजयरावांचे नाव आहे. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाहणीचा १९४८ चा अहवाल त्या संस्थेच्या प्रकाशनमालेतील सतरावा आहे.